हस्तलिखित कोणाच्या हाती द्यावे?

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील व्यापारी घरांत गेल्या काही वर्षांत लेखनाची हौस चांगलीच रुजली आहे. पेढीचा कारभार मुलांच्या हाती सोपवून मोकळे झालेले वडीलधारे वह्या भरू लागले आहेत. कोणी मारवाडातून, कच्छातून किंवा सांगली-कोल्हापूरकडून येऊन दुकान कसे उभे केले त्याची हकीकत लिहितो. कोणी सम्मेदशिखर-गिरनारच्या यात्रेचे वर्णन करतो, कोणी चातुर्मासात ऐकलेल्या प्रवचनांची टिपणे जुळवतो. नातवंडे हा मजकूर संगणकावर उतरवून देतात आणि मग घरात एकच प्रश्न उरतो : याचे पुस्तक कसे व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर घेऊन येणारी माणसे आता शोधावी लागत नाहीत. मोबाइलवर जाहिरात येते, पाठोपाठ फोन येतो. बोलणारा स्वतःला साहित्य-प्रतिनिधी किंवा ‘लिटररी एजंट’ म्हणवतो. हस्तलिखिताची चार पाने पाहून तो भारावून जातो, ‘आमच्या निवड समितीने तुमचे लेखन उचलून धरले आहे’ असे सांगतो आणि नोंदणीपोटी काही रक्कम मागतो. दुकानात नमुना पाहिल्याशिवाय साखरेचे पोते न उचलणारा गृहस्थ येथे मात्र ना नमुना पाहतो, ना भाव विचारतो. आपल्या लेखनाची कोणी स्तुती केली की मन हळवे होते आणि हिशेबाची वही मिटली जाते. फसवणुकीचे सारे भांडवल या एका क्षणात असते.

दलाल कोण आणि ठेकेदार कोण?

साहित्य-प्रतिनिधी ही पाश्चात्त्य ग्रंथव्यवहारातील संस्था आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये ए. पी. वॉट यांनी हा व्यवसाय प्रथम नावारूपास आणला. लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करावयाची, करार पक्का करावयाचा आणि लेखकाला जे उत्पन्न होईल त्यातून १० टक्के दलाली घ्यावयाची, अशी त्यांची रीत होती. आज इंग्रजी ग्रंथविश्वात ही दलाली सामान्यतः देशांतर्गत व्यवहारावर १५ टक्के आणि परदेशी हक्कांवर २० टक्के असते.

व्यापारी वाचकांना यात नवीन काहीच नाही. बाजारातील दलाल सौदा पटल्यावर दलाली घेतो. माल नुसता पाहण्याचे पैसे मागणाऱ्याला बाजारात कोणी दलाल म्हणत नाही. अमेरिकेतील साहित्य-प्रतिनिधींच्या संघटनेची आचारसंहिताही नेमके हेच सांगते : हस्तलिखित वाचण्याचे शुल्क लेखकाकडून घेऊ नये आणि लेखकांचा पैसा स्वतंत्र खात्यात ठेवावा.

मराठीत ही दलालीची पद्धत रुजलेली नाही. येथे लेखक आपले हस्तलिखित थेट प्रकाशकाकडे पाठवतो. प्रकाशक किंवा त्याचे संपादक ते वाचतात आणि होकार वा नकार कळवतात. भारतात दिल्ली, जयपूर, बंगळूरु, मुंबई अशा शहरांत साहित्य-प्रतिनिधींच्या काही संस्था आहेत, पण त्यांचा व्यवहार मुख्यतः इंग्रजी पुस्तकांचा आहे. तेव्हा ‘मराठी पुस्तक काढायचे तर एजंट लागतोच’ असे कोणी सांगितले, की बोलण्यातली पहिली खोट तेथेच दिसते.

यावरून एक सोपी कसोटी हाती लागते. पैसा कोणत्या दिशेने वाहतो ते पाहावे. पैसा वाचकाकडून प्रकाशकाकडे आणि तेथून लेखकाकडे येत असेल आणि मधला माणूस त्यातला ठरलेला वाटा घेत असेल, तर तो प्रतिनिधी. पैसा लेखकाच्या खिशातून निघून मधल्या माणसाकडे जात असेल, तर तो छपाईचा ठेकेदार. ठेकेदार असणे हा काही दोष नव्हे. मात्र ठेकेदाराने प्रतिनिधीचा किंवा प्रकाशकाचा वेश घेतला की फसवणूक सुरू होते.

खर्च करण्यात कमीपणा नाही

स्वखर्चाने ग्रंथ करवून घेणे ही तर जैन परंपरेतील आदराची गोष्ट आहे. शास्त्रदानाच्या भावनेने श्रावक-श्राविकांनी शतकानुशतके ग्रंथांच्या प्रती लिहवून घेतल्या. पाटण आणि जैसलमेरचे ज्ञानभंडार अशाच दानातून समृद्ध झाले. त्या हस्तलिखितांच्या शेवटी पुष्पिका असते. ग्रंथ कोणी लिहवून घेतला, कोणी लिहिला, कोणत्या संवतात आणि कोणत्या गावी, याची नोंद तीत सापडते. दाता, लेखनिक आणि ग्रंथकर्ता यांपैकी कोण कोण होते याबद्दल तेथे संदिग्धता नव्हती.

व्यापाऱ्याने आपले आयुष्य लिहून ठेवण्याची परंपराही जुनी आहे. जवाहिऱ्याचा व्यवसाय करणारे बनारसीदास यांनी १६४१ साली आग्र्यात ‘अर्धकथानक’ हे पद्य आत्मचरित्र पूर्ण केले. व्यापारात आलेली खोट त्यांनी त्यात झाकून ठेवलेली नाही. विसाव्या शतकात नाथूराम प्रेमी यांनी या ग्रंथाचे संपादन केले. हे जैन विद्वान मुंबईत १९१२ साली स्थापन झालेल्या ‘हिंदी ग्रंथ रत्नाकर’ या प्रकाशनसंस्थेचे संस्थापक होते. एका व्यापाऱ्याची वही तीन शतकांनंतर वाचकांपर्यंत पोहोचली, ती तिचे मोल जाणणाऱ्या हातांत पडली म्हणून. आज घराघरांत भरणाऱ्या वह्याही योग्य हाती पडाव्यात, एवढीच काळजी घ्यावयाची आहे.

तत्त्वार्थसूत्रात अणुव्रतांचे अतिचार सांगताना तीन शब्द येतात : खोटा दस्तऐवज करणे ती कूटलेखक्रिया, दुसऱ्याची ठेव बुडवणे तो न्यासापहार आणि अस्सलाच्या नावाखाली नक्कल खपवणे तो प्रतिरूपक व्यवहार. पुस्तकांच्या बाजारातील आजची फसवणूक या तीन शब्दांत जवळजवळ पूर्ण सामावते.

फसवणुकीची नेहमीची रूपे

पहिले रूप वाचनशुल्काचे. हस्तलिखित ‘तपासण्यासाठी’ रक्कम घेतली जाते. तपासणीचा निष्कर्ष नेहमी अनुकूलच असतो, कारण पुढची रक्कम त्यावर अवलंबून असते.

दुसरे रूप पॅकेजचे. चांदी, सोने, प्लॅटिनम अशी नावे देऊन छपाई, मुखपृष्ठ, आयएसबीएन, प्रसिद्धी आणि प्रकाशन समारंभ एकत्र विकले जातात. यातील आयएसबीएन हा केवळ पुस्तकाचा ओळख-क्रमांक आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्था तो विनामूल्य देते आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही त्यासाठी अर्ज करता येतो. या क्रमांकाचे हजारो रुपये आकारणारा बाकीच्या बाबींत काय करत असेल, याचा अंदाज तेवढ्यावरून बांधावा.

तिसरे रूप सामायिक संग्रहाचे. पन्नास लेखकांचे लेख एकत्र छापायचे आणि प्रत्येकाने ठरावीक प्रती विकत घ्यायच्या, अशी अट असते. येथे लेखक हाच ग्राहक असतो, वाचक कोठेच नसतो. चौथे रूप पुरस्काराचे. मोठ्या नावाचा सन्मान जाहीर होतो आणि सन्मानचिन्हासाठी किंवा नोंदणीसाठी पैसे मागितले जातात.

पाचवे रूप सर्वांत महागडे. फ्रँकफर्टच्या पुस्तकमेळ्यात पुस्तक मांडू, चित्रपटाचे हक्क विकून देऊ, असे सांगून एकामागून एक हप्ते मागितले जातात. कॅलिफोर्नियातील एका कंपनीशी संबंधित व्यक्तींवर अशाच पद्धतीचा आरोप ठेवल्याचे अमेरिकेच्या न्याय विभागाने २०२५च्या आरंभी जाहीर केले. मोठे प्रकाशक आणि चित्रपट कंपन्या उत्सुक असल्याचे भासवून २०१७ ते २०२४ या काळात ८००हून अधिक लेखकांकडून सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर उकळले, असे तो आरोप म्हणतो. यांतील अनेक लेखक वयोवृद्ध होते.

सहाव्या रूपात नावाचीच नक्कल होते. लंडनमध्ये एका नामांकित प्रकाशनसंस्थेत नोकरी करणाऱ्या फिलिप्पो बर्नार्डिनी या तरुणाने प्रकाशक आणि साहित्य-प्रतिनिधी यांच्या नावाने ईमेल पाठवून एक हजाराहून अधिक अप्रकाशित हस्तलिखिते मिळवली. इंग्रजी ‘एम’ या अक्षराच्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी लिहून तो हुबेहूब दिसणारे पत्ते तयार करीत असे. २०२२ साली त्याला अटक झाली आणि पुढच्या वर्षी त्याने गुन्हा कबूल केला. अनुभवी लेखकही त्याला फसले. तेव्हा ओळखीच्या संस्थेच्या नावाने ईमेल आला, तरी त्या संस्थेच्या पुस्तकावर छापलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करून घेणे बरे.

हिशेब मांडून पाहावा

उदाहरणादाखल एक मांडणी करू. एखाद्या पॅकेजची किंमत १,५०,००० रुपये आहे, पुस्तकाची छापील किंमत ३०० रुपये आहे आणि लेखकाला १० टक्के मानधन कबूल केले आहे. म्हणजे प्रत्येक प्रतीमागे ३० रुपये. गुंतवलेले पैसे परत येण्यासाठी ५,००० प्रती खपल्या पाहिजेत. मराठीत पहिली आवृत्ती अनेकदा ५०० ते १,००० प्रतींची असते. समजा हजारच्या हजार प्रती खपल्या, तरी लेखकाच्या हाती ३०,००० रुपये येतील आणि १,२०,००० रुपये खर्ची पडतील.

आता यातली खरी मेख पाहावी. भांडवल पूर्णपणे लेखकाचे असूनही त्याला १० टक्के मिळतात. उरलेली रक्कम विक्रेत्याची सूट वजा जाता ज्याने एक पैसाही गुंतवला नाही त्याच्याकडे जाते. हे १० टक्के मानधन, स्वतःचे भांडवल घालणाऱ्या प्रकाशकाकडून मिळत असेल तर रास्त आहे. लेखकानेच भांडवल घातले असेल तर प्रती लेखकाच्या, विक्रीचे उत्पन्न लेखकाचे आणि छापणाऱ्याला त्याच्या कामाचे बिल, हा सरळ हिशेब आहे. मुद्रकाकडून कागदाचे वजन, पृष्ठसंख्या, बांधणी आणि प्रतींची संख्या लिहिलेले कोटेशन घ्यावे आणि त्याची दुसऱ्या-तिसऱ्या मुद्रकाच्या कोटेशनशी तुलना करावी. दुकानातल्या फर्निचरसाठी आपण जे करतो, तेच येथे करावयाचे.

कागदावर काय असावे?

पैशापेक्षाही मोठे नुकसान हक्कांचे होते. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. या कायद्याने लेखन पूर्ण होताच लेखकाचा त्यावर हक्क निर्माण होतो. नोंदणी ऐच्छिक आहे आणि साहित्यकृतीसाठी तिचे शासकीय शुल्क ५०० रुपये आहे. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या पश्चात ६० वर्षे टिकतो. म्हणजे आजोबांनी लिहिलेले पुस्तक ही नातवंडांच्याही वारशाची मालमत्ता आहे. घराचा दस्त न वाचता सही न करणाऱ्यांनी पुस्तकाचा करारही तितक्याच सावधपणे वाचला पाहिजे.

कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी आणि स्वाक्षरीनिशी व्हावे लागते. कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशापुरते आणि कोणत्या मोबदल्यात, हे त्यात यावे. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. हक्क घेणाऱ्याने एका वर्षात त्यांचा वापर केला नाही, तर करारात वेगळे काही नमूद नसल्यास ते हक्क लेखकाकडे परत येतात. ही संरक्षणे मोलाची आहेत. पण ‘सर्व भाषांतील, सर्व माध्यमांतील, कायमचे हक्क’ अशा एका ओळीवर सही केली की त्यांतली बरीचशी निष्प्रभ होतात. छपाईचे पैसे लेखकाकडून घेणाऱ्याला अनुवादाचे, चित्रपटाचे किंवा ध्वनिपुस्तकाचे हक्क देण्याचे काहीच कारण नाही.

शब्दांकनाचा मुद्दा वेगळा सांगितला पाहिजे. अनेक ज्येष्ठ स्वतः लिहीत नाहीत. ते सांगतात आणि दुसरा कोणी लिहून काढतो. कायदा प्रत्यक्ष लिहिणाऱ्याला लेखक मानतो, त्यामुळे आयुष्य एकाचे आणि हक्क दुसऱ्याचा, असा पेच उद्भवू शकतो. काम सुरू होण्यापूर्वीच मानधन, पुस्तकावरील नाव आणि हक्कांचे हस्तांतर यांविषयी दोन पानी करार करावा. त्याने शब्दांकन करणाऱ्याचाही मान राहतो.

प्रामाणिक पेढीचाही हिशेब तपासावा

इंग्रजीत लिहिणाऱ्या मुला-नातवंडांना खरा साहित्य-प्रतिनिधी मिळाला, तरी सावधपणा सोडता येत नाही. न्यूयॉर्कमधील डोनाडिओ अँड ओल्सन ही जुनी आणि प्रतिष्ठित संस्था. तिच्याकडे लेखकांचे मानधन जमा होत असे. २०११ पासून काही वर्षे तिच्या हिशेबनीसाने लेखकांच्या पैशातून सुमारे ३४ लाख डॉलर काढून घेतले. एका लेखकाने आपल्या येणे रकमेविषयी वारंवार विचारणा केली, तेव्हा ही अफरातफर उघडकीस आली. २०१८ साली हिशेबनिसाला दोन वर्षांची शिक्षा झाली. ‘फाइट क्लब’चे लेखक चक पालानिक हेही तिचे बळी होते.

संस्था खोटी नव्हती. तिच्या खतावणीवर नजर ठेवणारे कोणी नव्हते. मुनिमावर विश्वास ठेवावा आणि रोजमेळही पाहावा, हे ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले, त्यांना यातील बोध सांगावा लागणार नाही. दर सहा महिन्यांनी छापलेल्या, खपलेल्या आणि शिल्लक प्रतींचे लेखी विवरण मागणे हा लेखकाचा अधिकार आहे. तो करारात लिहून घ्यावा.

खात्री कोठे करावी?

यासाठी दूर जावे लागत नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून वाचकांच्या सेवेत आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१० साली ठाण्यात आणि २०१७ साली डोंबिवलीत भरले. ग्रंथव्यवहार जाणणारी माणसे या परिसरात भरपूर आहेत. वाचनालयात जाऊन आपल्या विषयाची पाच-सहा पुस्तके काढावीत. त्यांच्या आरंभीच्या पानावर प्रकाशकाचे नाव-पत्ता, आवृत्ती आणि हक्कांची नोंद असते. मुद्रितशोधन नीट आहे का, बांधणी टिकली आहे का, हे हातात घेऊन पाहावे. मग पुस्तकविक्रेत्याला विचारावे की या प्रकाशकाची पुस्तके दुकानात येतात का आणि खपतात का. त्या प्रकाशकाच्या दोन जुन्या लेखकांशी बोलून मानधन वेळेवर मिळते का तेही विचारावे. नवा माल देणाऱ्या पेढीची बाजारात चौकशी करावी, तसेच हे आहे.

पैसे देण्याची वेळ आलीच तर ते संस्थेच्या नावाच्या बँक खात्यातच जमा करावेत. व्यक्तीच्या खात्यावर किंवा कोणाच्या मोबाइल क्रमांकावर रक्कम पाठवू नये. जीएसटी क्रमांक दिला असेल तर तो शासकीय संकेतस्थळावर पडताळता येतो. पूर्ण रक्कम आगाऊ न देता काम पुरे होत जाईल तसे टप्प्याटप्प्याने द्यावी आणि अखेरचा हप्ता प्रती मोजून घेतल्यावर द्यावा.

पहिले पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची माहिती घ्यावी. ठरावीक वाङ्मयप्रकारांतील पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी ही योजना आहे.

फसवणूक झालीच तर

अशा वेळी घरात सांगण्याचा संकोच वाटतो. फसवणारा त्या संकोचावरच विसंबून असतो. पैसे ऑनलाइन गेले असतील तर विनाविलंब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम समोरच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता अधिक. कबूल केलेली सेवा दिली नसेल तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. सेवेपोटी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. पावत्या, संदेश आणि करार जपून ठेवावेत.

ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रतस्वामींचे देरासर कोकण शत्रुंजय म्हणून ओळखले जाते आणि श्रीपाळ-मयणासुंदरीच्या कथेशी या भूमीचे नाते सांगितले जाते. आयंबिलच्या ओळीत ही कथा दरवर्षी ऐकली जाते. श्रीपाळला समुद्रात लोटणारा धवलशेठ कोणी अनोळखी चाचा नव्हता. तो बरोबरचाच प्रवासी, गोड बोलणारा व्यापारी होता. श्रीपाळ त्यातून तरला आणि ठाण्याच्या किनाऱ्याला लागला. घरातील वडीलधाऱ्यांनी कष्टाने भरलेली वहीही अशीच सुखरूप काठाला लागावी, असे वाटत असेल तर ती कोणाच्या हाती द्यायची हे मुला-नातवंडांनी त्यांच्या शेजारी बसून, करार वाचून आणि हिशेब मांडून ठरवावे. ज्ञानपंचमीला आणि श्रुतपंचमीला आपण ग्रंथाची पूजा करतो. त्याच भक्तीने त्याचा करारही एकदा पूर्ण वाचावा.